तुमच्या जागेवरची दुसऱ्याची वाट किंवा खरेदीखतातली अट: कोर्टात ती कधी संपते, कधी बदलते?

नौपाडा, उथळसर, कोपरी अशा जुन्या ठाण्यात पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की बिल्डरचा वकील सर्वात आधी टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी करतो. बऱ्याच वेळा पहिली अडचण तिथेच निघते. मागच्या बंगल्याचा दहा फुटी बोळ तुमच्या प्लॉटमधून जातो. शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांना तुमच्या मोकळ्या जागेतून उजेड मिळतो. किंवा पन्नास वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात ‘तळमजला अधिक एक, राहण्यासाठीच’ अशी अट सापडते. मग सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणतंच, ‘कोर्टात जाऊ आणि रद्द करून आणू.’

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इंग्लंडमध्ये १९२५ च्या मालमत्ता कायद्यातलं कलम ८४ तिथल्या जमीन न्यायाधिकरणाला जुनी अट बदलण्याचा किंवा काढून टाकण्याचा थेट अधिकार देतं. अट कालबाह्य झाली किंवा जमिनीच्या वाजवी वापराला आड येते हे पटलं, तर न्यायाधिकरण भरपाई ठरवून तसा हुकूम करू शकतं. आपल्याकडे असा कायदा नाही. दिवाणी न्यायाधीश ‘ही वाट आता गैरसोयीची झाली, काढून टाका’ असं म्हणत नाहीत. ते एवढंच तपासतात की कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखाद्या कारणाने हा हक्क आधीच संपला आहे का, किंवा त्याची मर्यादा मुळातच लहान होती का. म्हणजे तुमचं काम गैरसोय रंगवून सांगण्याचं नाही. हक्क कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने संपला ते कागद आणि साक्षीदारांनिशी दाखवायचं आहे. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगली बाजू असलेले दावेही पडतात, म्हणून एवढा जोर देऊन सांगतो आहे.

आधी ठरवा, हा हक्क कोणत्या जातीचा आहे

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा कायदा जुन्या मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला, त्यामुळे ठाण्याला तो लागू आहे. व्यवहारात आपण याला ईझमेंट किंवा वहिवाटीचा हक्क म्हणतो. त्यात दोन जागा लागतात: जिच्या फायद्यासाठी हक्क आहे ती लाभाची जागा आणि जिच्यावर त्याचा भार आहे ती भाराची जागा. हक्क माणसाला चिकटलेला नसतो, जागेला असतो. म्हणून मागचा बंगला विकला गेला तरी नव्या मालकाला तुमच्या बोळातून जाता येतं.

हा हक्क कसा जन्माला आला यावर तो कसा संपेल हे ठरतं. लेखी करारातून, म्हणजे खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्रातून आलेला हक्क हा पहिला प्रकार. दुसरा गरजेचा: एकाच मालकीच्या जागेचे तुकडे झाले आणि मागच्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही. तिसरा दीर्घ वापराचा: शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता २० वर्षं वापर. भाराची जागा सरकारी असेल तर ३० वर्षं लागतात. शिवाय ही मुदत दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली असावी लागते. ‘आजोबांच्या काळी जायचो, नंतर बंद झालं’ एवढ्यावर हा हक्क उभा राहत नाही.

चौथी शक्यता अशी की तो हक्कच नाही, नुसती परवानगी आहे. शेजारधर्म म्हणून फाटक उघडं ठेवलं, ‘जा की इकडून’ असं म्हटलं, तर तो परवाना झाला आणि कलम ६० प्रमाणे तो मागे घेता येतो. अपवाद आहे: त्या परवानगीच्या भरवशावर समोरच्याने पक्कं बांधकाम करून खर्च केला असेल तर परवाना तसा सहज मागे घेता येत नाही. ड्रेनेजची लाइन तुमच्या हद्दीतून टाकू दिली असेल, तर वकिलाला हे आधीच सांगा.

कागद कुठून जमवायचे

शहर हद्दीतल्या जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर क्षेत्र आणि धारणाधिकाराखाली ‘सुविधाधिकार’ नावाची एक ओळ असते. तिच्या खाली हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार, इतर शेरे असे रकाने येतात. बहुतेक लोक थेट मालकाचं नाव बघतात आणि ही ओळ वाचतच नाहीत. तिथे नोंद असेल तर ती कोणत्या वर्षी, कोणत्या दस्तावरून आली ते शोधा. ओळ रिकामी असली म्हणून हक्क नाही असं समजू नका. दीर्घ वापराचा हक्क बहुतेक वेळा कुठेही नोंदलेला नसतो.

शीळ, डायघर, दिवा भागात जिथे अजून सातबारा चालतो तिथे ‘इतर अधिकार’ रकाना आणि त्यामागचे फेरफार काढा. त्यासोबत गाव नकाशा आणि पोटहिस्से पडले असतील तर फाळणी नकाशा घ्या. निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी) शोध जितका मागे जाईल तितका घ्या आणि तुमच्याच नव्हे, शेजारच्या जागेच्याही मूळ खरेदीखताची नक्कल मागवा. कितीतरी वेळा वाटेचा उल्लेख तुमच्या दस्तात नसतो, पण शेजारच्याच्या दस्ताच्या चतुःसीमेत असतो. मंजूर ले-आउट आणि जुने बांधकाम नकाशे महापालिकेतून मिळवा. शेवटी भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. मोजणीशिवाय केलेल्या दाव्यात निम्मा वेळ बोळ नक्की कुणाच्या हद्दीत आहे यावरच जातो.

हक्क संपण्याची कारणं

कायद्याची कलमं ३७ ते ४८ याविषयी आहेत. सगळी कारणं सारख्या वेळा पुढे येत नाहीत. शहरात वारंवार लागतात ती इथे घेतो.

गरज संपणे हे लोकांना सर्वात आवडणारं कारण आहे आणि सर्वात जास्त चुकीचं वापरलं जाणारंही. मागच्या प्लॉटला आता महापालिकेचा डीपी रस्ता (विकास आराखड्यातला रस्ता) मिळाला, मग आमच्यातली वाट संपली, असा युक्तिवाद असतो. कलम ४१ खरोखर तसं म्हणतं, पण फक्त गरजेतून जन्मलेल्या हक्काबद्दल. वाट लेखी दस्ताने दिली असेल तर दुसरा रस्ता झाला म्हणून ती संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून आधी जात ठरवा म्हणतो. एकच बोळ, एकच नवा रस्ता, पण दस्तातला एक परिच्छेद निकाल उलटा फिरवतो.

कलम ४२ निरुपयोगी झालेल्या हक्काचं आहे. मात्र तिथली कसोटी कडक आहे: हक्क कोणत्याही काळी, कोणत्याही परिस्थितीत लाभाच्या मालकाला उपयोगी पडणं अशक्य झालेलं असलं पाहिजे. ‘सध्या वापरत नाहीत’ हे पुरेसं नाही.

वापर नसणे यासाठी कलम ४७ आहे. २० वर्षं अखंड वापर नसेल तर हक्क संपतो. वाटेसारख्या, माणसाच्या कृतीने वापरल्या जाणाऱ्या हक्काबाबत ही मुदत शेवटच्या वापरापासून मोजतात. यात लाभाच्या मालकासाठी एक पळवाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते: या २० वर्षांत त्याने ‘हा हक्क मी राखून ठेवू इच्छितो’ असं निवेदन नोंदणी कार्यालयात नोंदवलं, तर त्या नोंदणीपासून पुन्हा २० वर्षं मोजावी लागतात. म्हणून दावा करण्याआधी समोरच्याच्या नावाने असं काही नोंदलेलं आहे का ते बघा. आणि तुम्हीच लाभाचे मालक असाल, बंगला बंद ठेवून पुण्याला गेला असाल, तर हा कागद करून घ्या. जागा सामाईक मालकीची असेल आणि एका भावानेही वाट वापरली असेल, तर सगळ्यांचा हक्क जिवंत राहतो. गरजेचा हक्क तर वापर नसल्याने संपतच नाही.

आता पुनर्विकासाचा भाग. ठाण्यात आज सगळ्यात जास्त कस इथे लागतो. समजा, मागच्या प्लॉटवर चार मजली, सोळा सदनिकांची इमारत होती आणि तुमच्या हद्दीतून तिचा दहा फुटी रस्ता होता. ती पाडून वीस मजली टॉवर होणार. तोच रस्ता आता शंभर-सव्वाशे कुटुंबांनी, त्यांच्या गाड्यांनी, डंपर आणि टँकरनी वापरायचा. हे तुम्ही सोसायचं का? कलम ४३ म्हणतं की लाभाच्या जागेत कायमचा बदल झाला, त्यामुळे तुमच्यावरचा भार लक्षणीय वाढला, आणि त्यांच्या रास्त वापराला धक्का न लावता तो तुम्हाला कमी करता येत नसेल, तर तो हक्क संपतो. तीन अपवाद आहेत: कितीही वापर झाला तरी चालेल अशाच हेतूने हक्क दिलेला असणे, वाढलेला त्रास अगदी किरकोळ असणे, किंवा हक्क गरजेचा असणे. म्हणून दस्तातली भाषा इथे निर्णायक ठरते. ‘सर्व कामांसाठी, सर्व वाहनांसह, कायम’ असं लिहिलं असेल तर बिल्डरची बाजू भक्कम. ‘राहत्या घरी जाण्या-येण्यासाठी पायवाट’ असं असेल तर तुमची.

जोडीला कलम २८ वापरा. वेगळा पुरावा नसेल तर एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायी जाण्याचा हक्क म्हणजे गाडी नेण्याचा हक्क नव्हे. हक्क पूर्ण रद्द होईल असं वाटत नसेल तिथे ‘तो पायी वापरापुरता आहे’ असा ठराव, म्हणजे कोर्टाची घोषणा मागणं शहाणपणाचं, कारण तो मिळण्याची शक्यता खूप जास्त असते.

खिडक्यांच्या उजेडाबाबतही पुनर्विकास महत्त्वाचा. जुनी इमारत पाडली की कलम ४५ प्रमाणे तिचा हक्क संपतो. पण कलम ५१ तो परत जिवंत करतं, जर २० वर्षांच्या आत त्याच जागी इमारत पुन्हा बांधली आणि नव्या बांधकामाने शेजाऱ्यावर आधीपेक्षा जास्त भार टाकला नाही तर. चार खिडक्यांच्या जागी काचेची पूर्ण भिंत आणून जुना हक्क सांगता येत नाही.

दोन जागा एका मालकाकडे आल्या की कलम ४६ प्रमाणे हक्क विलीन होतो, पण दोन्हींची संपूर्ण मालकी हवी. भाडेपट्ट्याने, म्हणजे मर्यादित हक्काने दुसरी जागा ताब्यात आली असेल तर हक्क संपत नाही, तेवढ्या काळापुरता स्थगित होतो.

आणि लाभाच्या मालकाने स्वतःहून सोडलेला हक्क. नोंदणीकृत हक्कसोड पत्र हा सर्वात स्वच्छ मार्ग. कृतीतूनही सोडता येतो: त्याच्या स्पष्ट संमतीने तुम्ही वाटेवर पक्की इमारत बांधली, किंवा त्याने स्वतःच त्या बाजूची भिंत कायमची बंद करून दरवाजा दुसरीकडे काढला. नुसतं न वापरणं मात्र हक्क सोडणं नव्हे, असं कायदाच सांगतो.

संपत नसेल तर जागा बदलता येते का?

इथे कोर्टाचा हात थोडा मोकळा आहे. कलम २२ प्रमाणे लाभाच्या मालकाने हक्क तुम्हाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरायचा असतो. त्याचं नुकसान न होता तो वापर तुमच्या जागेच्या एका ठरावीक पट्ट्यात आणता येत असेल, तर तुमच्या मागणीवरून तसा आणावा लागतो. पूर्ण अंगणातून कसंही जाणाऱ्याला हद्दीलगतच्या पट्ट्यात आणण्यासाठी हे कलम आहे. ठरलेली वाट उचलून दुसरीकडे नेण्याचा एकतर्फी अधिकार ते देत नाही. वाट असणाऱ्यालाही आपल्या मर्जीने मार्ग बदलता येत नाही.

प्रत्यक्षात वाट सरकते ती बहुतेक तडजोडीने. दावा चालू असताना दोन्ही पक्ष नव्या मार्गाचा नकाशा जोडून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली तडजोड पुरसीस, म्हणजे सहीनिशी लेखी तडजोड दाखल करतात आणि तसा हुकूमनामा होतो. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आधी घ्या. नवी वाट दाव्याबाहेरच्या जमिनीवरून जात असेल तर तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. हे विसरलं तर दहा वर्षांनी नवा खरेदीदार तो मानायला नकार देईल.

खरेदीखतातल्या अटी

‘इथे दुकान काढायचं नाही’, ‘बंगल्याशिवाय काही बांधायचं नाही’ अशा अटींचा कायदा वेगळा, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. जमीन पूर्ण विकल्यावर ती कशी वापरायची हे सांगणारी अट कलम ११ प्रमाणे सहसा टिकत नाही. विकणाऱ्याने शेजारची स्वतःची जमीन राखली असेल आणि तिच्या चांगल्या उपभोगासाठी अट घातली असेल, तर ती टिकते. कलम ४० सांगतं की अशी निर्बंधाची अट पुढच्या खरेदीदारावरही चालते, जर त्याला अटीची माहिती होती किंवा जमीन फुकट मिळाली होती. मोबदला देऊन, अटीची माहिती नसताना घेणाऱ्यावर ती चालत नाही. पण नोंदणीकृत दस्तात लिहिलेली अट वाचलीच नाही हे ‘माहिती नव्हती’ यात बसत नाही.

त्यामुळे तीन प्रश्न विचारा. अट घालणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे लाभाची जमीन अजून शिल्लक आहे का? संपूर्ण ले-आउट विकून बाहेर पडलेल्या जमीनमालकाचा आवाज इथे फार क्षीण होतो, मात्र अट सगळ्या प्लॉटधारकांच्या परस्पर फायद्यासाठी असेल तर ते स्वतः उभे राहू शकतात. दुसरा, अट ‘करू नये’ अशी आहे की ‘करावे’ अशी? कुंपण राखावे, वर्गणी द्यावी अशा अटी पुढच्या खरेदीदारावर सहसा सरकत नाहीत. तिसरा आणि सर्वात उपयोगी: बाकीच्यांनी अट मोडली तेव्हा समोरचा गप्प बसला का? मनाई हुकूम हा विवेकाधीन दिलासा आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ४१ सांगतं की चालू उल्लंघनाला ज्याने मूक संमती दिली त्याला मनाई मिळत नाही. गल्लीतल्या बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या असतील तर प्रत्येक इमारतीच्या बांधकाम परवानगीची तारीख आणि फोटो जमवा. कोर्ट मनाई नाकारून फक्त नुकसानभरपाई देऊ शकतं. कागदावर अट राहते, पण तिचा अडसर उरत नाही.

महापालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून वाट किंवा अट संपत नाही. बांधकाम परवानगी खासगी हक्कांचा निवाडा करत नाही.

नवी मुंबईचा हिशोब वेगळा

वाशी, नेरूळ, ऐरोलीत तुमच्याकडे बहुतेक सिडकोचा ६० वर्षांचा भाडेपट्टा असतो. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचा ९५ वर्षांचा. इथल्या वापराच्या अटी म्हणजे पट्ट्याच्या अटी. मालकासारखं कलम ११ दाखवून त्या उडवता येत नाहीत. वापरबदल हवा असेल तर आधी सिडकोकडे अर्ज, अधिमूल्य आणि दुरुस्तीपत्र, मग महापालिका. अर्ज मनमानीने फेटाळला तर मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट हा मार्ग आहे. अटभंगावरून पट्टा रद्द करून जागा खाली करून घ्यायची तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११४ अ प्रमाणे आधी नेमका भंग सांगणारी लेखी नोटीस आणि सुधारण्याची वाजवी संधी द्यावी लागते. परस्पर हस्तांतरण न करण्याच्या अटीला मात्र हे संरक्षण नाही.

गावांच्या जुन्या वहिवाटीचं दुःख मोठं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नवी मुंबईसाठी संपादित जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन सरकारकडे गेली. त्यामुळे खाडीकडे, मिठागराकडे जाणारी संपादनाआधीची वाट ‘आमचा ईझमेंट’ म्हणून आज सांगणं कठीण. संपादन न झालेल्या गावठाणातल्या गल्ल्यांचे हक्क मात्र कायम आहेत. त्यासाठी संपादनाचा निवाडा आणि त्याचा नकाशा काढून तुमचा भूखंड त्यात आहे की बाहेर, हे आधी पाहा.

दावा कसा उभा करायचा

जमीन जिथे, तिथलं कोर्ट. ठाणे शहरासाठी ठाण्याचं दिवाणी न्यायालय, ऐरोली ते बेलापूरसाठी बेलापूर. खारघर, कामोठे, उलवे नवी मुंबई म्हणवत असले तरी रायगड जिल्ह्यात येतात. शेतजमिनीची अडवलेली वाट असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं. बांधावरून रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, आणि त्या कलमाखालचा तहसीलदाराचा निर्णय रद्द करून किंवा बदलून मागण्यासाठी एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. महापालिका प्रतिवादी असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची, राज्य सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी.

मागणी अर्धवट करू नका. ‘हक्क संपला असा ठराव’ आणि सोबत ‘प्रतिवादीने वापर करू नये अशी कायम मनाई’ या दोन्ही हव्यात. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे पुढचा दिलासा मागता येत असून मागितला नाही, तर नुसता ठराव मिळत नाही. पर्यायी मागणी म्हणून वापर पायी आणि अमुक पट्ट्यापुरता मर्यादित करावा, हेही लिहा.

दाव्यात तारखा हव्यात. वाट कोणी, कधीपासून, कुठून कुठपर्यंत, किती रुंद, कशासाठी वापरली, शेवटची कधी वापरली. २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ईझमेंट स्पष्टपणे मांडला नसेल तर पुराव्यावरून तो देता येत नाही. एप्रिल २०२४ मध्येही एका रस्त्याच्या वादात २० वर्षांच्या वापराचं नेमकं कथन आणि पुरावा नसल्याने हक्क नाकारला गेला. त्याच निकालात कुलमुखत्याराने, त्याला अधिकार मिळण्याआधीच्या घटनांबद्दल दिलेली साक्ष धरली गेली नाही. म्हणून अमेरिकेतल्या मुलाच्या वतीने चुलता साक्षीला उभा करण्यापेक्षा त्या गल्लीत वाढलेला वयस्क शेजारी आणा.

कोर्ट कमिशनरसाठी, म्हणजे जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणाऱ्यासाठी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली अर्ज द्या. कमिशनर येतो त्या दिवशी स्वतः हजर राहा. बोळाची रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली जाते का, जुना दरवाजा विटांनी बुजवल्याची खूण, फरशीवरचं शेवाळ, उगवलेलं झाड, ड्रेनेजचं चेंबर हे अहवालात लिहिलं जातं का, ते पाहा. राहिलं असेल तर जागेवरच पंचनाम्यात टाकायला सांगा. वापर बंद असल्याचा याहून बोलका पुरावा क्वचित मिळतो.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिंत बांधू नका. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी लाभाच्या मालकाला स्वतः भिंत पाडता येत नाही, सुविधाधिकार अधिनियमाचं कलम ३६ ते मना करतं. पण तो तूर्तातूर्त मनाईला जाईल, आणि रातोरात उभी राहिलेली भिंत पाहून न्यायाधीशांचं तुमच्याबद्दल जे मत बनेल ते पुढे पुसणं अवघड असतं.

हुकूमनामा हातात आला की अपिलाची मुदत संपू द्या, मग प्रमाणित नक्कल जोडून नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करा. सुविधाधिकाराच्या ओळीतली किंवा इतर अधिकारातली जुनी नोंद कमी झालेलं नवं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढून घ्या आणि आर्किटेक्टकडे तेच द्या. कमी न झालेली नोंद पुढच्या टायटल सर्चमध्ये पुन्हा वर येईल.